एकाच इंजिनाचे दोन आकडे

टोयोटाच्या हायलक्स या पिकअपचं माहितीपत्रक उघडलं की एका रकान्यापाशी नजर अडखळते. इंजिन एकच: २७५५ सीसी, चार सिलिंडर, डिझेल, टर्बो. ताकदही एकच छापलेली, २०४ अश्वशक्ती. पण टॉर्कच्या पुढे दोन आकडे. हाताने गिअर टाकायच्या गाडीला ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला ५००. पिस्टन तेच, क्रँक तोच, टर्बोही तोच. मग मधले ८० गेले कुठे?

कोडं वाटतं त्याहून खोल आहे. त्याच्या मागे लागलं की एखादं इंजिन घेण्याजोगं आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, याची बरीचशी उत्तरं वाटेतच सापडतात.

हायलक्स १९६८ पासून बनते आहे. सुरुवात जपानमध्ये दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाने झाली. आज थायलंडच्या भातशेतीपासून ऑस्ट्रेलियाच्या माळरानापर्यंत हा मध्यम आकाराचा पिकअप शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या आणि लष्करांच्याही हातात दिसतो. भारतात ती २०२२ मध्ये आली. आपल्याकडे रस्त्यावर ती क्वचितच दिसते, पण तिचं इंजिन मात्र आपण रोज पाहतो, कारण २.८ लिटरच्या डिझेल फॉर्च्युनरमध्ये हेच बसवलेलं असतं. निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्रात हे इंजिन ताफ्याने फिरतं. कारखान्यातलं त्याचं नाव १जीडी-एफटीव्ही.

आधी टॉर्क म्हणजे काय ते हातात धरून पाहू. एक मीटर लांबीचा पाना नटाला आडवा लावा आणि त्याच्या टोकाला ५१ किलो वजन टांगा. नटावर जो पिळण्याचा जोर येतो तो ५०० न्यूटन मीटर. ४२० साठी ४३ किलो पुरे. ऐकायला किरकोळ वाटतं. सडपातळ माणूस पान्याला लोंबकळला तरी एवढा जोर येईल. पण तो माणूस लोंबकळतच राहणार. इंजिनाला हाच जोर मिनिटाला हजारो वेळा गोल फिरवत, न थकता, न सोडता द्यायचा असतो. तो येतो कुठून, हे पाहायला सिलिंडरच्या आत जावं लागेल.

आतली खोली ९२ मिलिमीटर व्यासाची. पिस्टन तिच्यात १०३.६ मिलिमीटर खालीवर करतो, म्हणजे रुंदीपेक्षा उंचीची धाव जास्त. ओढकामाच्या इंजिनांची ही ठेवण असते. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आत येते, पण आपल्या मर्जीने नव्हे; टर्बोने ती दाबून कोंबलेली असते. पिस्टन वर येतो आणि त्या हवेला मूळ जागेच्या जवळजवळ सोळाव्या हिश्शात दाबतो. दाबलेली हवा तापते. किती? पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे. डिझेल अडीचशे अंशांच्या आतबाहेर आपसूक पेटतं, त्यामुळे इथे ठिणगीची गरजच नाही, स्पार्क प्लग नावाची वस्तूच नाही. हवा तयार असते. फक्त डिझेल यायचं बाकी असतं.

ते येतं तेही साध्या धारेने नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टरमागचा दाब दोन हजार बारच्या पुढे जातो. प्रशांत महासागरातली मारियाना गर्ता ही पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा. तिथे तळाशी अकराशे बारच्या आसपास दाब असतो. बॉनेटखालच्या एका बोटभर नळीत त्याच्या जवळपास दुप्पट दाब आहे, आणि केसाइतक्या बारीक छिद्रांतून डिझेल त्या दाबाने धुकं होऊन बाहेर पडतं. तेही एका दमात नाही. आधी चिमूटभर, मग मुख्य मात्रा, कधी मागून आणखी थोडं. पहिल्या चिमटीने आग हळुवार लागते, म्हणून आजची डिझेल गाडी जुन्या जीपसारखी खडखडत नाही.

आग लागली की दाब चढतो. दीडशे बार धरला, आणि तो फार मोठा धरलेला नाही, तर ९२ मिलिमीटरच्या त्या गोल चकतीवर दहा टन भार येतो. क्षणभरच, पण दहा टन. खाली कनेक्टिंग रॉड, त्याखाली तेलाच्या पापुद्र्यावर तरंगणारं बेअरिंग. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चारही सिलिंडर मिळून असे साठ आघात दर सेकंदाला होतात. गाडीत बसलेल्याला मात्र फक्त एक गुणगुण ऐकू येते.

इथे इंधनाचा हिशेब थोडा पाहायला हवा, कारण या इंजिनात सगळ्यात विलक्षण असं जे काही आहे ते याच हिशेबात दडलेलं आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी २६ टक्के कामाला लागली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांसमोर हा चमत्कार होता. बाकीची ७४ टक्के उष्णता भिंतींतून आणि धुरांड्यातून निघून गेली. २०१५ मध्ये १जीडी आलं तेव्हा टोयोटाने सर्वोत्तम स्थितीतला आकडा सांगितला ४४ टक्के. सुमारे एकशेवीस वर्षांत २६ वरून ४४. कमी वाटेल, पण यातला शेवटचा एकेक टक्का फार महाग पडतो.

त्यातला काही भाग पिस्टनच्या माथ्यावरच्या एका लेपातून आला. धातूचा पिस्टन आगीपेक्षा कितीतरी थंड असतो, त्यामुळे आग पेटली की उष्णता त्याच्याकडे धाव घेते आणि वाया जाते. सिरॅमिकचं जाड कवच बसवावं, तर ते सतत तापलेलं राहतं आणि आत येणाऱ्या ताज्या हवेलाच तापवून पातळ करतं. हवा पातळ झाली की जोर गेला. टोयोटाने माथ्यावर सिलिकाने बळकट केलेला, बारीक सच्छिद्र असा पातळ थर दिला. तो इतका हलका की उष्णता साठवूच शकत नाही. आग पेटली की आगीच्या जोडीने तापतो, हवा आली की हवेच्या जोडीने निवतो, एकाच फेरीत, सेकंदात पंधरा-वीस वेळा. उष्णतेला पळायला तापमानातला फरक लागतो. फरकच राहू दिला नाही तर ती जाईल कुठे? ज्वलनाच्या वेळी थंडाव्यात जाणारी उष्णता यामुळे सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटली, असं कंपनीचं म्हणणं. मला हा लेप या इंजिनातली सर्वांत देखणी गोष्ट वाटतो, आणि तो कुणालाच कधी दिसत नाही.

आता टॉर्क खालच्या फेऱ्यांवर का मिळतो ते पाहू. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारतं, पण त्याला फिरवणारा धूर कमी फेऱ्यांवर अशक्त असतो. म्हणून टर्बोच्या तोंडाशी हलणाऱ्या पाती दिलेल्या असतात. धूर कमी असला की पाती मिटत येतात, वाट अरुंद होते, धूर जोरात सुटतो आणि चाक वेग धरतं. फेऱ्या वाढल्या की पाती उघडतात. या पातींमुळेच मॅन्युअल हायलक्सचा पूर्ण टॉर्क १४०० फेऱ्यांपासून ३४०० पर्यंत सपाट पसरलेला मिळतो. पहाडात तर टर्बोची किंमत आणखी कळते. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. टर्बो नसलेलं इंजिन तिथे अर्धमेलं होतं. टर्बोवालं बरीचशी तूट भरून काढतं.

आता वजाबाकी करू. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. न्यूटन मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५५० ने भागलं की किलोवॅट मिळतात. मॅन्युअलचे ४२० घ्या, ३४०० फेऱ्यांवर: १४९.५ किलोवॅट, म्हणजे छापलेले २०४ अश्वशक्ती. ऑटोमॅटिकचे ५०० हे १६०० ते २८०० फेऱ्यांपर्यंत मिळतात. २८०० वर हिशेब होतो १४६.६ किलोवॅट. म्हणजे ५०० चा जोर ३४०० पर्यंत टिकवायचा असता तर ताकद १७८ किलोवॅट झाली असती. ती होत नाही. फेऱ्या वाढत जातात तसा ऑटोमॅटिकचा टॉर्क उतरत येतो आणि ३४०० च्या सुमाराला दोन्ही गाड्या एकाच जागी पोचतात. म्हणून अश्वशक्ती सारखी. फरक आहे तो मधे. १६०० फेऱ्यांवर एक ७० किलोवॅट देते, दुसरी ८४. माहितीपत्रकात ठळक छापलेला ताकदीचा आकडा नेमका हाच फरक झाकून टाकतो.

आणि ८० न्यूटन मीटर कुठे गेले, त्याचा माग जुन्या आकड्यांत आहे. २०१५ मध्ये हे इंजिन हायलक्समध्ये आलं तेव्हा ऑटोमॅटिकला ४५० होते आणि मॅन्युअलला ४२०. २०२० मध्ये इंजिन सुधारलं, १७७ अश्वशक्तीचे २०४ झाले, ऑटोमॅटिक ५०० वर गेली. मॅन्युअल? जिथे होती तिथेच, ४२० वर. इंजिन वाढलं आणि एकाच बाजूचा आकडा हलला नाही, तर अडथळा इंजिनात नसणार. तो त्याच्या मागे आहे: क्लचच्या पकडीत आणि गिअरच्या दातांत. त्यांना जेवढं झेपतं तेवढाच जोर इंजिनाने द्यायचा, म्हणून संगणक मधल्या फेऱ्यांवर इंजेक्टरला हात आखडता घ्यायला लावतो. इंजिनाला येतं, गाडी करू देत नाही. बाजारात ‘रिमॅप’ करून देणारे लोक हाच आखडता हात मोकळा करतात, आणि मग सहा महिन्यांनी क्लच बदलायला लागला की गाडीवाल्याला नवल वाटतं.

अमेरिकेत याच्याही पुढची गंमत झाली. तिथला मध्यम पिकअप म्हणजे टोयोटाचीच टकोमा, पण पेट्रोलवर. जुन्या टकोमात साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, २७८ अश्वशक्तीचं. २०२४ च्या नव्या टकोमात ते काढून २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो आणलं, आणि त्याच्या एका आवृत्तीची ताकद किती? तीही २७८. कागदावर एक लिटर आणि दोन सिलिंडर गमावून काहीच कमावलं नाही. टॉर्क पाहिला तर चित्र पालटतं. जुन्याचा टॉर्क सुमारे ३५९ न्यूटन मीटर आणि तो मिळायचा ४६०० फेऱ्यांवर. नव्याचा ४३०, १७०० फेऱ्यांवर. जुन्या गाडीला चढावर जोर हवा असला की गिअर उतरवून इंजिनाला ओरडायला लावावं लागे. नवीला नुसता पाय दाबला की पुरतं. तरीही सहा सिलिंडर गेले म्हणून हळहळणारे चाहते तिथे खूप आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. टर्बो म्हणजे आणखी एक महागडी वस्तू, आणखी उष्णता, बिघडायला आणखी एक कारण. निसानची फ्रंटियर तिथे अजून ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरला धरून आहे ती याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर.

पण आकडे कितीही घोळवले तरी एक प्रश्न उरतोच: आपलं काम काय आहे? तो सोडवायला मुंबई-नाशिक रस्त्यावरचा कसारा घाट बरा. घाट चढून वर आलं की इगतपुरी, आणि इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना, हा योगायोग मला आवडतो.

समजा, मालासकट २९०० किलोची गाडी सहा टक्के चढावर ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. सहा टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर. चढ तिला मागे ओढतो तो वजनाच्या सहा टक्के जोराने, म्हणजे १७४ किलोने. टायरचा आणि हवेचा अडथळा मिळून आणखी साठेक किलो. एवढा जोर ताशी ५० ने रेटायला चाकांपाशी ३२ किलोवॅट लागतात; गिअर आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारे धरले तर इंजिनापाशी ३६. अश्वशक्तीत सांगायचं तर ४९. एवढं मोठं धूड घाट चढतं आहे आणि हायलक्सच्या इंजिनाने आपल्या ताकदीचा जेमतेम चौथा हिस्सा वापरला आहे.

मघाचा इंधनाचा हिशेब इथे पुरा करू. या चढावर इंजिन ३८ टक्के ऊर्जा कामाला लावतं असं धरा. तासाला साडेनऊ लिटर डिझेल लागेल. १८०० फेऱ्यांवर तासाला दोन लाख सोळा हजार वेळा सिलिंडर पेटतो. भागाकार करा: प्रत्येक वेळी ०.०४४ मिलिलिटर. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरमधून एक थेंब पडतो तो साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे दहा टनांचा तो आघात एका थेंबाहूनही कमी डिझेलने केलेला असतो, आणि त्या थेंबाचेही दोन-तीन तुकडे करून तो आत सोडलेला असतो. हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून मी तो पुन्हा करून पाहिला.

आता त्याच घाटात महिंद्राचा बोलेरो पिकअप आणा. २५२३ सीसी, ७५ अश्वशक्ती, २०० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क १४०० ते २२०० फेऱ्यांवर. त्यालाही तेच ३६ किलोवॅट लागणार. त्याच्याकडे ५६ आहेत. म्हणजे दोन-तृतीयांश ताकद खर्ची पडली, शिल्लक वीस किलोवॅट. हायलक्सकडे शिल्लक ११४. पुढे कंटेनर रांगत असेल आणि त्याला पार करायचं असेल तर हा फरक जिवावरचा आहे. एरवी? टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पहाटे पोचायचं असेल तर ११४ किलोवॅटची शिल्लक बॉनेटखाली झोपून राहणार. बोलेरो पिकअप कागदावर दुबळा दिसतो, पण त्याचा सगळा जोर खालच्या फेऱ्यांवर आहे, तो ओझं वाहायच्या हिशेबाने बनवला आहे, तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजमध्ये त्याचं काम निघतं, आणि हायलक्सची किंमत त्याच्या जवळपास तिप्पट आहे. मालवाहतुकीवर पोट असलेल्या माणसाने २०४ अश्वशक्तीला भुलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ते ५०० न्यूटन मीटर कुणासाठी? ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे हायलक्सला ३५०० किलोचा ट्रेलर ओढायची परवानगी आहे आणि लोक खरोखर तेवढं मोठं फिरतं घर मागे लावून हजारो किलोमीटर जातात. गाडी, ट्रेलर मिळून साडेपाच टन. तोच सहा टक्के चढ, वेग ताशी ८० धरा. आता वजनाच्या जोडीला त्या घराची भिंत हवेला आडवी येते, आणि गणित सव्वाशे किलोवॅटच्या आसपास जातं. उपलब्ध दीडशे. इथे चौथ्या हिश्शाची चैन संपली. सव्वाशे किलोवॅट काढायला मॅन्युअलला २८०० च्या वर फिरावं लागतं, ऑटोमॅटिकला २४०० पुरतात. तासन् तास चाललेल्या चढावर ते चारशे-साडेचारशे फेऱ्यांचं अंतर म्हणजे कमी आवाज, कमी झीज आणि मागे थोडी शिल्लक. ८० न्यूटन मीटरची किंमत इथे वसूल होते. कसाऱ्यात ती होत नाही.

इंजिन म्हणून १जीडी भक्कम आहे. कॅमशाफ्ट फिरवायला त्यात साखळी आहे. आधीच्या तीन लिटरच्या इंजिनात पट्टा होता आणि तो ठरावीक किलोमीटरला न चुकता बदलावा लागे. पण घेण्याजोगं इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा नव्हे, त्याला जे जे जोडलेलं असतं तेही, आणि हे ऑस्ट्रेलियालाच फार महागात कळलं.

डिझेलच्या धुरात काजळी असते. ती हवेत जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसवतात. आत सिरॅमिकच्या बारीक उभ्या नळ्या, एकीआड एक बंद केलेल्या. धुराला पुढे जायचं तर नळीच्या भिंतीतून झिरपूनच जावं लागतं, काजळी मागे राहते. गाळणी भरत आली की ती जाळून साफ करायची. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या घरात तापवावा लागतो, म्हणून धुराच्या वाटेत जादा डिझेल सोडलं जातं आणि गाळणीच्या आधी बसवलेला कॅटॅलिस्ट ते जाळून उष्णता तयार करतो. आपल्याकडे धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: शहरात रखडत चालवू नका, अधूनमधून हायवेला काढा, गाळणी मोकळी होईल. बहुतेक गाड्यांना तो लागूही पडतो.

ऑस्ट्रेलियात नेमकं उलटं झालं. गाडी ताशी शंभरच्या वेगाने नियमित आणि सलग चालवली की या यंत्रणेचं बिनसत होतं. कॅटॅलिस्टच्या तोंडावर थर साचायचा, साफसफाई अर्धवट राहायची, गाळणी तुंबायची, मागून पांढऱ्या धुराचे लोट निघायचे. म्हणजे हायवेवर चालवणं हेच दुखणं. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० दरम्यान विकलेल्या २,६४,१७० हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो गाड्यांची ही गाळणी सदोष ठरवली आणि त्यामुळे खरेदीच्याच दिवशी गाडीची किंमत १७.५ टक्क्यांनी कमी होती असं धरलं. अपिलात तो आकडा खाली आला आणि २०२४ मध्ये प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पिस्टनवर तो देखणा लेप असलेलं, ४४ टक्क्यांचं इंजिन. त्याला खाली पाहायला लावलं ते त्याच्या मागच्या पाइपमधल्या डब्याने. कंपनीने मधल्या काळात चालकाला हाताने साफसफाई सुरू करता यावी म्हणून बटणही दिलं होतं.

म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा किलोमीटरच्या आकड्याआधी ती कशी चालली ते विचारा. कमी चाललेली गाडी चांगली असा आपला समज. पाच वर्षं रोज चार किलोमीटर शाळा-बाजार केलेलं डिझेल इंजिन दीड लाख किलोमीटर हायवे केलेल्यापेक्षा जास्त आजारी असू शकतं. मालकाला सांगून ठेवा की गाडी आधीच सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना ते पाहा, मग चावी फिरवा.

धुराचा रंग बोलतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेला एअर फिल्टर. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. पांढरा सुरुवातीला घटकाभर चालतो. इंजिन तापल्यावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी. अर्थात डीपीएफ शाबूत असेल तर काळा धूर दिसणारच नाही, सायलेन्सरचं टोक आतून बोट फिरवलं तरी स्वच्छ निघायला हवं. तिथे दाट काजळी असेल तर गाळणी फुटली आहे किंवा कुणीतरी ती काढून पोकळ डबा बसवला आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी फुरफुर ठीक. धापा टाकल्यासारखी हवा फेकत असेल तर रिंगा गेल्या, मघाच्या दहा टनांतला काही हिस्सा पिस्टनच्या बाजूने खाली निसटतो आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी आहे का ते आधी तपासून घ्या.

मग रस्त्यावर काढा, आणि रिकामा सपाट रस्ता नको, चढ शोधा. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांवर आणून पाय पूर्ण दाबा. निरोगी १जीडी क्षणभर थांबतं, पाती मिटतात, टर्बोची शीळ येते आणि गाडी एका संथ, सलग ओढीने वर जाऊ लागते. अडीच हजारांच्या पुढे धक्का बसल्यासारखं सुटलं तर खालचा जोर मेलेला आहे, पाती काजळीने चिकटल्या असतील. आणि काटा भराभर चढतो आहे पण गाडी मात्र तिथल्या तिथेच, असं दिसलं तर इंजिनाला दोष देऊ नका. क्लच सुटतो आहे, आणि ‘गाडी रिमॅप केली होती का’ हे मालकाला विचारायची तीच वेळ.